बोट आवाजाच्या मागे

मुलगी वाचत होती आणि तिचं बोट आवाजाच्या मागे होतं. फार नाही, दोन शब्दांनी. तिने ‘सावलीत’ म्हटलं तेव्हा बोट अजून ‘झाडाच्या’च्या अलीकडे होतं, आणि आवाज पुढच्या ओळीत शिरला तरी ते आधीच्या ओळीच्या काठाशी रेंगाळत होतं. जो खरोखर वाचतो त्याचं उलट असतं. डोळा पुढे, बोट डोळ्याबरोबर आणि आवाज त्या दोघांच्या मागून धापा टाकत येतो. हे अंतर मी मोजलेलं आहे. नवशिक्या मुलात ते जेमतेम अर्ध्या शब्दाचं असतं, सरावलेल्या मुलात दोन-तीन शब्दांचं. ते कमी-जास्त होतं, पण त्याची दिशा बदलत नाही. दिशा बदलली तर अर्थ एकच, मूल वाचत नाहीये, पाठ केलेलं म्हणतंय. तिचा आवाज ओळखीच्या वाटेने झपाझप चालला होता आणि बोट बाजारात आईच्या मागून फरफटत जाणाऱ्या पोरासारखं त्याच्यामागे ओढलं जात होतं.

मी घड्याळ थांबवलं. “अठ्ठावन्न शब्द,” मी म्हटलं, आणि प्रशिक्षणासाठी हॉलमध्ये बसलेल्या चाळीस शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. मुलगी दचकली. तिच्या बाई दाराशी उभ्या होत्या, त्यांनी श्वास सोडल्याचं मला इतक्या लांबून दिसलं. मुलीने कार्ड टेबलावर ठेवलं, त्याची कड टेबलाच्या कडेला समांतर करून ठेवली आणि कोणाकडेही न बघता निघून गेली. पाच दिवसांत ज्याला सगळे ‘रेडिओ’ म्हणू लागले होते तो दुसऱ्या रांगेतला शिक्षक म्हणाला, “मॅडम, एकदा आमच्या हेडमास्तरांना बसवा ना इथे. बघू किती येतात एका मिनिटात.” सगळे हसले. मीही हसले. हसता हसता मी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. तिथे एक बाई हसत नव्हती. ती चष्मा काढून पदराने पुसत होती आणि उघड्या, थोड्या सुजल्यासारख्या दिसणाऱ्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होती. बोट तिनेही पाहिलं होतं.

ती माझी मोठी जाऊ. एकतीस वर्षं पहिलीला शिकवते. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तिला वहिनी म्हणते, आणि गेले पाच दिवस ती मला सगळ्यांसमोर ‘मॅडम’ म्हणत होती. त्यात टोमणा शोधायचा मी प्रयत्न केला, सापडला नाही. नीट, सरळ ‘मॅडम’. ती इथे शिक्षा म्हणून आली होती. आमच्याकडे त्याला पुनर्प्रशिक्षण म्हणतात. एखाद्या शिक्षकाने वाचन शिकवण्याची ठरलेली पद्धत पाळली नाही तर त्याला पुन्हा पाच दिवस बसवायचं, शेवटच्या दिवशी त्याच्याकडून सगळ्यांसमोर एक पाठ घ्यायचा, आणि प्रशिक्षकाने वीसपैकी मार्क द्यायचे. बाराच्या खाली पडले तर पहिलीचा वर्ग काढून घ्यायचा. वहिनीला निवृत्तीला तीन वर्षं होती. बाराच्या खाली गेली तर ती तीन वर्षं तिला शाळेच्या सामानखोलीत खडूंचे खोके आणि मोडक्या बाकांची यादी करत काढावी लागणार होती. मार्कांचा कागद माझ्या फाइलमध्ये होता. वर तिचं नाव मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, आडनावासकट, आणि ते माझंही आडनाव होतं.

चहाच्या सुट्टीत ती खिडकीशी उभी होती. त्या हॉलला चार खिडक्या, त्यांतल्या एकीच्या दोन काचा फुटलेल्या, तिथे पुठ्ठा लावलेला. वहिनी बरोबर त्या पुठ्ठ्यासमोर उभी होती, जसं काही त्यातून बाहेरचं दिसतच होतं. खुर्च्या लहान मुलांच्या होत्या. पाच दिवस मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती आणि उठताना प्रत्येकाच्या तोंडून काही ना काही आवाज निघायचा.

“बोट पाहिलंस?” ती म्हणाली. बाजूला कोणी नव्हतं म्हणून मॅडम नाही.

“पाहिलं.”

“मग?”

“मग काय वहिनी. पाठ केलंय तिने.”

“ती कशाला करेल? करून घेतलंय. अकरा वर्षं तेच कार्ड. मी तुला तेव्हाच म्हटलं होतं, निदान झाडाच्या जागी विहीर घाल, विहिरीच्या जागी झाड घाल.”

“सगळीकडे एकच कार्ड असलं तरच तुलना करता येते.”

“हो ना. तुलना.” तिने कागदी कपाच्या तळाशी राहिलेला चहा एका घोटात संपवला. “माझा पाठ जेवणानंतर ना? किती मार्कांचा?”

“वीस.”

“आणि पास?”

“बारा.”

“म्हणजे साठ टक्के. मला जन्मात साठाच्या वर पडले नाहीत बाई. बघू.” आणि ती चपला सरकवत आपल्या लहान खुर्चीकडे गेली.

मी तिथेच उभी राहिले. हातात घड्याळ होतं. ते मी नेहमी गळ्यात अडकवते, त्यामुळे शिक्षक मला पाठीमागे ‘घड्याळबाई’ म्हणतात, हे मला माहीत आहे. हे घड्याळ प्रयोगशाळेतलं. पदार्थविज्ञानाचं शिक्षण संपवून मी दोन वर्षं एका प्रयोगशाळेत होते, आणि तिथून निघताना एवढीच एक वस्तू बरोबर आणली, तीही विचारून. त्या प्रयोगशाळेत माझ्याकडे एक सुई होती, चुंबकाच्या क्षेत्रात वळणारी. किती वळते ते मी रोज सकाळी नोंदवायची. महिनाभराची नोंद झाली. आकडे इतके सुंदर होते, रोज तेच, केसाचाही फरक नाही, की मी ते लगेच आमच्या सरांना दाखवायला घेऊन गेले. सरांनी वही पाहिली, मग वही न पाहता टेबल पाहिलं, मग टेबलाचा खण उघडला. खणात पोलादी कात्री होती, सुई तिच्याकडे ओढली जात होती. कोणाची तरी, केव्हापासून तरी. “नोंदी चुकलेल्या नाहीत,” सर म्हणाले, “फक्त त्या तुला वाटतात त्या गोष्टीच्या नाहीत. हा महिना फाड.” मी फाडला. बावीस वर्षांची होते. वही फाडताना मला दुःख झालं नव्हतं, उलट आंघोळ केल्यासारखं हलकं वाटलं होतं. मला आता कधीकधी तो हलकेपणा आठवतो, तेव्हा तो कुठल्यातरी दुसऱ्या बाईला आला होता असं वाटतं.

लग्नानंतर गाव बदललं, प्रयोगशाळा सुटली. इथल्या शिक्षणसंस्थेला मोजणारं माणूस हवं होतं. वाचन शिकवण्याची एक नवीन पद्धत त्यांनी बसवली होती आणि ती उपयोगी पडते का हे कोणीतरी सांगायचं होतं. पद्धत अशी की पहिले चाळीस दिवस फक्त आवाज. अक्षराचा आवाज, दोन आवाजांची जोड, तीन आवाजांची जोड. पुस्तक नाही, गोष्ट नाही, वाक्य नाही. एक्केचाळिसाव्या दिवशी वाक्य. मी बारा वर्ग घेतले. सहा वर्गांत पद्धत, सहा वर्गांत नेहमीचं शिकवणं. कार्ड केलं, साठ शब्दांचं, घर, झाड, सावली. वर्षाच्या शेवटी प्रत्येक मुलाला एक मिनिट. आणि प्रयोग स्वच्छ राहावा म्हणून पद्धतीच्या वर्गांसाठी मी एक अट घातली: पहिले चाळीस दिवस वर्गात लिहिलेलं वाक्य कुठेही दिसता कामा नये. भिंतीवर नाही, फळ्यावर नाही, मुलांच्या दप्तरात नाही. दिसलं तर मुलं आवाजाने शिकली की वाक्याने, हे मला वेगळं काढता आलं नसतं. एवढंच कारण. त्या अटीचा मुलांशी काही संबंध नव्हता, माझ्या गणिताशी होता. टेबलाचे खण रिकामे ठेवावेत तसं.

पुढे अहवाल आला, अहवालाची पुस्तिका झाली, पुस्तिका शिक्षणखात्याने छापली, आणि माझी अट पान चौदावर जशीच्या तशी राहिली. कोणी काढली नाही, मीही नाही. प्रयोग संपला, अट उरली. मग तिला कारणं फुटू लागली. मी पहिल्यांदा ऐकलं ते तिसऱ्या वर्षी, मीच तयार केलेल्या एका प्रशिक्षकाच्या तोंडून. तो शिक्षकांना सांगत होता की सहाव्या वर्षी मुलाचा डोळा कच्चा असतो, अख्खं वाक्य दिसलं की डोळा बावरतो, म्हणून चाळीस दिवस वाक्य झाकायचं. दुसऱ्या ठिकाणी मेंदू आला. तिसऱ्या ठिकाणी एका शिक्षिकेने मला अभिमानाने सांगितलं की तिने दुकानांच्या पाट्या दिसू नयेत म्हणून मुलांना मागच्या गल्लीने घरी पाठवायला पालकांना सांगितलंय. मी मान डोलावली. तिने ती गोष्ट मोठ्या निष्ठेने केली होती आणि मी तिला काय सांगणार होते, की बाई, तुम्ही माझं टेबल अजून पुसताय, प्रयोग केव्हाच आवरला?

याच पान चौदावरून वहिनीला नोटीस आली. शाळा सुरू होऊन तेरावा दिवस, दुपारची वेळ. तपासणीला आलेल्या माणसाने तिच्या वर्गाचं दार ढकललं तर ते आतून लावलेलं. उघडलं तेव्हा भिंतीभर कागद. प्रत्येक कागदावर एक वाक्य आणि खाली मुलाचं नाव. त्याने नोटिशीत ती वाक्यं पुराव्यादाखल उतरवून घेतली होती, ती माझ्याकडे आली. ‘माझ्या भावाने माझी चप्पल लपवली.’ ‘आमच्या जिन्यात मांजर व्यालं.’ ‘बाबा झोपेत बोलतात.’ ‘मला आज इथे यायचं नव्हतं.’ सरकारी टंकलेखनात, एकाखाली एक, अनुक्रमांक घालून.

हे तिचं जुनंच. दुपारी ती दार लावते, जमिनीवर बसते आणि विचारते, “कोणाला काय सांगायचंय?” हात वर होतात. “बाई, मला एक सांगायचंय.” जो सांगेल त्याचं ती त्याच्या देखत लिहिते, जसं बोलला तसं, सुधारत नाही. तो कागद मूल घरी नेतं, झोपताना उशाशी ठेवतं, सकाळी परत आणतं आणि वाचतं. स्वतःचंच वाक्य, त्यामुळे काय लिहिलंय हे माहीत असतं, पण कुठे लिहिलंय हे शोधावं लागतं. बोट पुढे पळतं. मग ते शेजाऱ्याचं वाक्य वाचायला जातं, कारण शेजाऱ्याने काय सांगितलं हे कळायला हवं. तिला याला पद्धत म्हणतात हे ठाऊक नाही. ती म्हणते, “दुपारचं आमचं चालतं ते.”

मला हे अकरा वर्षांपूर्वीच कळलं. तेव्हा आम्ही एकाच घरात, ती खाली, आम्ही वर. माझ्या बारा वर्गांतला एक तिचा होता, पद्धतीच्या सहांतला सहावा. नात्यातला वर्ग घेऊ नये एवढी अक्कल मला होती, पण तिची शाळा यादीत निघाली आणि मी म्हटलं, असू दे, ती काही माझी भीड धरणारी नाही. खरंच तिने धरली नाही. निकाल आले. पद्धत नसलेल्या सहा वर्गांची सरासरी मिनिटाला बावीस शब्द. पद्धतीच्या वर्गांचे एकवीस, तेवीस, वीस, बावीस, बावीस. आणि सहावा, चोपन्न. सहांची सरासरी सत्तावीस. पाच शब्दांची वाढ. संस्थेच्या संचालकांनी टेबलावर थाप मारली. त्या संध्याकाळी मी खाली स्वयंपाकघरात गेले. वहिनी भाजी निवडत होती. मी तिला म्हटलं, तुमचा वर्ग सगळ्यात पुढे आलाय, तुम्ही आवाजाचे तास नेमके कसे घेतलेत? ती म्हणाली, “कसले घेतेय? सकाळी घ्यायचे तुझे, तू सांगितलेस तसे. दुपारी दार लावायचं आणि आपलं करायचं. नाहीतर पोरं काय चाळीस दिवस म्हशींसारखी नुसती हंबरत बसणार?” आणि हसली. मी विचारलं, “रोज?” “रोज गं. का, काय झालं?” मी म्हटलं, काही नाही.

काही नाही. खणात कात्री होती आणि मी खण लावून घेतला. अहवाल द्यायला चार दिवस होते. मी वर गेले, कागद घेतला आणि सहावा वर्ग वगळून सरासरी काढली. एकवीस दशांश सहा. पद्धत नसलेल्यांपेक्षाही किंचित कमी. मी तो आकडा पेन्सिलीने लिहिला, त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि खोडला. अहवालात मी खोटं काही लिहिलं नाही. प्रत्येक आकडा आहे, सहा वर्ग वेगवेगळे दिले आहेत, ज्याला बघायचं त्याने बघावं. खाली एक ओळ: ‘एका वर्गात विशेष प्रगती आढळली.’ एखादा आकडा बाकीच्यांपासून इतका फटकून असेल तर तो आधी तपासायचा असतो, हे मला पहिल्या वर्षापासून शिकवलं होतं, आणि मी तो तपासला होता, हेच वाईट. न तपासता ठेवला असता तर ती चूक झाली असती. तपासून ठेवला म्हणून त्याला माझ्याजवळ शब्द नव्हता. मी स्वतःला सांगितलं, पुढच्या वर्षी मोठा प्रयोग करू, त्यात स्पष्ट होईलच. पुढच्या वर्षी प्रयोग झाला नाही, पुस्तिका झाली. मग प्रशिक्षणं, मग प्रशिक्षकांची प्रशिक्षणं. दर वर्षी जूनच्या आधी मी ठरवायची, यंदा बोलायचं. दर वर्षी समोर नवे चाळीस जण बसायचे, वह्या उघडून.

माझी मुलगी साडेपाच वर्षांची झाली तेव्हा मी तिला चाळीस दिवस दिले नाहीत. याचा विचारसुद्धा केला नाही, इतकं ते सहज झालं. मी तिला संध्याकाळी खाली वहिनीकडे पाठवली. तिसऱ्या दिवशी ती एक कागद घेऊन वर आली, जिन्यावरूनच ओरडत, आणि तो माझ्यासमोर धरून बोट ठेवत ठेवत वाचला. बोट पुढे होतं. ‘माझी आई सारखी मोजत असते.’ हे तिनेच सांगितलेलं वाक्य होतं आणि वहिनीने, तिच्या रिवाजाप्रमाणे, न सुधारता लिहिलं होतं. मी म्हटलं, छान. त्याच आठवड्यात मी तीन तालुक्यांच्या शिक्षकांना पान चौदा समजावून सांगितलं.

जेवणाच्या सुट्टीत वहिनी डबा घेऊन माझ्या टेबलाशी आली. हॉलमध्ये आम्ही दोघीच होतो, बाकीचे खाली गेले होते. “खात्याचे साहेब येणारेत म्हणे,” ती म्हणाली.

“हो. तुमचा पाठ झाला की ते पद्धत आता उरलेल्या सगळ्या शाळांनाही सक्तीची झाल्याचं जाहीर करणार आहेत. कागद मला वाचायचाय.”

“त्यात आमचे चोपन्न आहेत का अजून?”

माझ्या हातातला घास हातातच राहिला. ती माझ्याकडे बघत नव्हती, डब्याच्या झाकणाला लागलेलं बोटाने निपटत होती.

“तुम्हाला...”

“अगं, वाचायला शिकवते मी. मला वाचता येत नसेल असं वाटलं तुला? शाळेत आला होता तो अहवाल. मी तेव्हाच पाहिलं, विशेष प्रगती. म्हटलं, सांगेल कधीतरी. घरातलीच आहे.”

“मग तुम्ही का नाही बोललात? नोटीस आली तेव्हा तरी?”

“मी बोलले असते तर कोणी खरं मानलं असतं? घड्याळ तुझ्या गळ्यात आहे.” तिने झाकण लावलं. ते नीट बसत नव्हतं, तिने दोन्ही अंगठ्यांनी दाबलं. “आता ते राहू दे. मला ताणून मार्क तेवढे देऊ नकोस. मी नीट घेणारे पाठ. तीन वर्षं राहिलीत, त्या खोलीत खडू मोजत बसायचं नाही मला. ते तुझं काम.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं, त्याच्याशी भांडता आलं असतं. आणि मी, जिला सगळं मोजायची सवय, मी त्या क्षणी मनात काय करत होते? मी आशा करत होते की तिचा पाठ बिघडावा. तिने पुस्तिका बाजूला फेकावी, जमिनीवर बसावं, मुलांना विचारावं कोणाला काय सांगायचंय, आणि साहेबांसमोर सगळं आपोआप उघडं पडावं. म्हणजे मला काही बोलावं लागणार नाही. ती पडेल, मी तिला पडू देईन, आणि नंतर मला वाटेल की मी खऱ्याच्या बाजूने होते.

साहेब वेळेवर आले. त्यांचे बूट नवे होते, चालताना करकरत होते, आणि ते त्यांनाही ऐकू येत असल्यामुळे ते जरा तिरके चालत होते. माणूस वाईट नव्हता, त्यांनी सगळ्यांना बसा बसा म्हटलं आणि स्वतः लहान खुर्चीत बसून दाखवलं. शेजारच्या शाळेतून पहिलीची सहा मुलं आणून पुढे बसवली. सकाळची मुलगी त्यांत नव्हती. वहिनी उभी राहिली, पदर खोचला, आवाजाची कार्डं हातात घेतली.

आणि तिने पाठ घेतला. मी अकरा वर्षांत शेकडो पाठ पाहिले, असा पाहिला नाही. गळ्याला हात लावून आवाज दाखवणं, ओठांचा आकार, जोड, तोड, पुन्हा जोड. पुस्तिकेत लिहिलंय की प्रश्न विचारल्यावर तीन सेकंद थांबा. कोणी थांबत नाही, ती थांबली, माझ्या घड्याळात बरोबर तीन. मुलं तिच्या हाताकडे बघत होती, गाणाऱ्याच्या हाताकडे साथीदार बघतो तशी. रेडिओनेसुद्धा वही बंद करून नुसतं पाहायला सुरुवात केली. मी एकेक रकाना भरत गेले. दोन, दोन, दोन. कापायला जागा नव्हती. अठराव्या मिनिटाला टोकाला बसलेल्या एका मुलाने हात वर केला. मधले दोन दात पडलेले. “बाई,” तो म्हणाला, “मला एक सांगायचंय.”

वहिनीचा हात हवेत थांबला. कार्ड हातात, अर्धं फिरवलेलं. मी घड्याळाकडे पाहिलं नाही, तरी मला माहीत आहे की ते तीन सेकंदांपेक्षा जास्त होतं. मग तिने पुस्तिकेतलं वाक्य म्हटलं. अशा वेळी काय म्हणायचं ते पान सोळावर दिलंय, मीच लिहिलंय.

“आत्ता नाही, बाळा,” ती म्हणाली. “आधी आवाज.”

मुलाने हात खाली घेतला. एकदम नाही, आधी कोपर, मग मनगट, मग बोटं. तोंड मात्र थोडा वेळ उघडं राहिलं, त्यात ते वाक्य अजून होतं. मग तोंडही मिटलं. वहिनीने पुढचं कार्ड काढलं आणि पाठ संपवला.

टाळ्या. साहेब उठून उभे राहिले. “बघा,” ते म्हणाले, “एकतीस वर्षं नोकरी झालेल्या बाईसुद्धा बदलू शकतात. आपण तरुण मंडळींनी लाज वाटून घ्यायला पाहिजे. किती दिले मॅडम?” मी म्हटलं, वीस. “वीसपैकी वीस! मग मी आत्ताच जाहीर करतो. यांचा वर्ग आपला नमुना वर्ग. रोज दुपारी आजूबाजूच्या शाळांचे शिक्षक येऊन बसतील, बघतील. दार कायम उघडं.” वहिनी वाकून थँक्यू साहेब म्हणाली. मग ती आपल्या जागी गेली, लहान खुर्चीत बसताना तिच्या तोंडून आवाज निघाला, आणि तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला. या वेळी पुसला नाही. मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने जे वाचवायचं म्हणून पाठ घेतला होता ते वीस मार्कांनी तिच्या हातून काढून घेतलं होतं. रोज दुपारी. दार उघडं. तिला हे माझ्याआधी कळलं होतं, साहेबांचं वाक्य पुरं व्हायच्या आधी.

“वाचा मॅडम,” साहेब म्हणाले, आणि कागद माझ्या हातात दिला.

मी उभी राहिले. कागदावर तीन परिच्छेद होते. पहिल्यात खात्याचं नाव, दुसऱ्यात माझा आकडा, तिसऱ्यात सक्ती. पहिला परिच्छेद मी वाचला. माझा आवाज चांगला लागला होता, प्रशिक्षणाचा, मागच्या रांगेपर्यंत पोचणारा. दुसऱ्याच्या सुरुवातीला माझ्या लक्षात आलं की मी कागदावर बोट ठेवलंय, लहान मुलासारखं, आणि आवाज ‘शास्त्रीय कसोटीवर सिद्ध’ म्हणत असताना बोट अजून वरच्या ओळीत आहे. मला हे पाठ होतं. अकरा वर्षं मी हे म्हणत होते. मी थांबले. हॉलमध्ये एक खुर्ची करकरली. टोकाचा तो मुलगा दात पडलेल्या जागेत जीभ घालून माझ्याकडे बघत होता. एक सेकंद, दोन, तीन. साहेबांनी मान वर केली. शेवटच्या रांगेत वहिनीने चष्मा उचलला आणि डोळ्यांवर चढवला.

“पुढचा आकडा चुकीचा आहे,” मी म्हणाले. आवाज बारीक आला, तो मागच्या रांगेपर्यंत जावा म्हणून मी पुन्हा सुरुवात केली. “पद्धतीच्या सहा वर्गांची सरासरी सत्तावीस आली होती. त्यातला चोपन्न शब्दांचा वर्ग माझ्या जाऊबाईंचा होता. त्या मागे बसल्यात. तो वर्ग त्यांनी माझ्या पद्धतीने शिकवला नव्हता, दुपारी दार लावून स्वतःच्या पद्धतीने शिकवला होता. तो वगळला तर उरतात एकवीस दशांश सहा, म्हणजे काहीच न केलेल्या वर्गांपेक्षा कमी. आणि हे मला अहवाल देण्याच्या चार दिवस आधी माहीत होतं.”